अनुदानित सांस्कृतिक संस्थेचं आजीव सभासदत्व: सहा वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, संस्थेचं नाव लिहिणार नाहीये. एक तर माझं अजून तिथे येणं-जाणं आहे. आणि दुसरं म्हणजे महाराष्ट्रात ज्या ज्या गावात खाली ग्रंथालय, मधे सभागृह, वर ऑफिस आणि जिन्यात माजी अध्यक्षांचे फोटो अशी संस्था आहे त्या प्रत्येक गावातल्या माणसाला हे आपल्याच संस्थेबद्दल लिहिलंय असं वाटणार आहे, मग उगाच नाव घेऊन कशाला वाईट व्हा.

सहा वर्षांपूर्वी पाच हजार भरून आजीव सभासद झाले. फॉर्मवर दोन सूचक लागतात, ते शोधण्यात पंधरा दिवस गेले, मग कार्यकारिणीच्या सभेत नाव मंजूर झालं आणि महिन्याने पावती मिळाली. पावतीवर दोन नोंदणी नंबर छापलेत. एक १८६० च्या सोसायटी रजिस्ट्रेशन अॅक्टचा आणि दुसरा एफ-ने सुरू होणारा, तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा. खाली बारीक अक्षरात आयकराच्या ८०-जीचा उल्लेख. मी तेव्हा एवढं बघून खूष झाले होते की वा, सगळं रीतसर दिसतंय. ओळखपत्र मात्र अजून मिळालेलं नाही, फोटो तीनदा दिलाय.

सुरुवात चांगल्या गोष्टीपासून करते, कारण ती खरंच चांगली आहे. ग्रंथालय. पाचपैकी पाच. शासनमान्य आहे, ब वर्ग, म्हणजे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं. तिथल्या ताई गेली वीस वर्षं आहेत आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, खालून कितव्या फळीवर हे कॉम्प्युटर न उघडता सांगतात. एकदा माझ्याकडून एक कथासंग्रह हरवला. मी गेले तर त्यांनी दाखल नोंदवही काढली, ती लाल कापडी पुठ्ठ्याची, त्यात त्या पुस्तकाचा दाखल अंक, कधी घेतलं, कुठल्या दुकानातून, बिल नंबर, किंमत, सगळं एका ओळीत. शेवटच्या रकान्यात माझ्यासमोर लिहिलं, सभासदाकडून किंमत वसूल, पावती क्रमांक अमुक. माझे एकशेवीस रुपये आणि त्यांचं पुस्तक, दोन्हीचा हिशोब दोन मिनिटांत मिटला. मी म्हटलं ताई, तुम्ही फारच टापटीप आहात हो. त्या म्हणाल्या, "टापटीप कसली, दरवर्षी तपासणीला येतात ना, नोंदवही आणि कपाट जुळलं नाही तर अनुदान अडकतं, मग माझाच पगार थांबतो."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सभागृह, साडेतीन. आवाज उत्तम, खुर्च्या बऱ्या, एसी डाव्या बाजूला काश्मीर आणि उजव्या बाजूला विदर्भातला मे महिना, स्वच्छतागृह मध्यंतरापर्यंत ठीक असतं. सभासदांना भाड्यात सवलत आहे पण शनिवार-रविवारची तारीख मिळाली तर तिचा उपयोग, आणि शनिवार-रविवार तिथे साड्यांचं प्रदर्शन आणि विक्री असतं नाहीतर कुठल्या तरी क्लासचा गुणगौरव. आमच्या वाचक गटाला गुरुवारी दुपारी तीनची वेळ मिळाली होती. त्या दिवशी आम्ही सहा जण, आणि पंखे दुरुस्त करणारे दोघे. ते दोघे मात्र शेवटपर्यंत बसले.

आता मुख्य गोष्ट. सभासदत्व घेतल्यावर आपल्याला पुस्तकं, सवलत वगैरे जे मिळतं ते वरवरचं. खरा माल म्हणजे मतदानाचा आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायचा हक्क. पाच हजार त्याचेच असतात असं समजा. तर या फीचरचा रिव्ह्यू.

सभा रविवारी साडेदहाला. मी पहिल्या वर्षी बरोबर साडेदहाला पोचले तर हॉलमधे मी आणि खुर्च्या मांडणारा मुलगा. नंतर कळलं की साडेदहाची सभा गणसंख्येअभावी तहकूब होणार हे सगळ्यांना पाठ असतं, अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरते आणि घटनेप्रमाणे तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही, म्हणून लोक अकराला येतात. सभासद साडेनऊशे, हजर सदतीस. त्यातले कार्यकारिणीचे पंधरा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, झालं. अहवाल मंजूर करणे, झालं. हिशोब तपासनीस नेमणे, तेच, झालं. ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने, आणि परवानगी नाही कारण पलीकडे बटाटेवडे आलेले.

अहवाल दारात देतात. अठ्ठेचाळीस पानं, गुळगुळीत कागद, त्यातली चाळीस फोटोंची, कोण कोणाला शाल घालतोय ते. ताळेबंद शेवटून दुसऱ्या पानावर, इतक्या बारीक टायपात की शेजारच्या काकांनी चष्म्यावर चष्मा लावून बघितला. उत्पन्न-खर्च पत्रकात एक ओळ होती, महोत्सव खर्च, ७,४०,०००. आणि उत्पन्नाच्या बाजूला, शासकीय व इतर अनुदाने, ५,००,०००. बस. मी हात वर केला आणि विचारलं की या सात लाख चाळीस हजारांची फोड मिळेल का, कलाकारांना किती, मंडपाला किती असं. कार्यवाह फार सज्जन माणूस, आवाज कधी चढत नाही त्यांचा. म्हणाले, "मॅडम, सगळं ऑडिट झालेलं आहे." टाळ्या. खरंच टाळ्या झाल्या. चष्म्यावाले काका माझ्या कानात म्हणाले, "बसा खाली, वडे गार होतायत."

दुसऱ्या वर्षी लेखी विचारलं. उत्तर आलं की हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे. आता गंमत बघा, हीच संस्था अनुदानाचा अर्ज करताना लिहिते की आम्ही शंभरहून अधिक वर्षं सार्वजनिक सांस्कृतिक कार्य करतो, समाजाच्या सर्व थरांसाठी आमचे दरवाजे खुले वगैरे. पैसे मागताना सार्वजनिक आणि हिशोब मागताना खासगी. लग्नाच्या पंगतीत घरचे म्हणून आधी बसायचं आणि भांडी घासायची वेळ आली की पाहुणे.

मग मी जरा अभ्यास केला. वकील नाहीये मी, पण कायदा मराठीत मिळतो आणि रविवार मोकळा असतो. तर जे समजलं ते सांगते कारण नव्या सभासदांना याचा उपयोग होईल.

पावतीवर नोंदणी नंबर आहे म्हणजे सरकारने पास केलंय असा आपला समज असतो. तसं काही नसतं. १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा आहे, आधी मुंबई म्हणायचे आता महाराष्ट्र म्हणतात, त्याखाली सांस्कृतिक संस्थाही सार्वजनिक न्यासच धरली जाते, म्हणजे आपण जिला मंडळ म्हणतो ती कायद्याच्या लेखी ट्रस्ट, आणि कार्यकारिणी म्हणजे विश्वस्त. नोंदणी म्हणजे एवढंच की तुम्ही त्या वहीत आहात. वर्षाचे हिशोब ऑडिट करून द्यायचे, पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, जागा विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची. ही बंधनं आहेत, शाबासकी नाहीये. ८०-जी तर निव्वळ आयकराची गोष्ट, देणगीदाराला करात सूट. ते सुद्धा आता कायमचं नसतं, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आणि दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर ती सूट मिळत नाही हे आमच्या देणगी टेबलावरच्या काकांना अजून कोणी सांगितलेलं नाही, त्यांनी माझ्यासमोर एका आजोबांकडून पाच हजार रोख घेऊन "८०-जी आहे हां" म्हणून पावती फाडली.

आणि साड्यांच्या प्रदर्शनाचं पण एक आहे. आयकराच्या भाषेत शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत, योग, पर्यावरण, वारसा जतन वगैरे सोडून जी धर्मादाय कामं उरतात ती 'सार्वजनिक उपयोगिता' या गठ्ठ्यात जातात आणि त्यातल्यांना धंदेवाईक उत्पन्न एकूण जमेच्या वीस टक्क्यांपर्यंतच चालतं. सुप्रीम कोर्टाचा यावर २०२२ मधे मोठा निकाल पण आलाय. आमची संस्था यातल्या कुठल्या कप्प्यात बसते आणि वर्षाकाठी साड्यांकडून किती येतं हे मला माहीत नाही, कारण अहवालात तीही एकच ओळ आहे, सभागृह भाडे. चुकीचं काही आहे असं मी म्हणतच नाहीये. पण हॉल कुणासाठी बांधलाय हा प्रश्न आणि करसवलत टिकणार का हा प्रश्न, दोन्ही त्या एका ओळीत बुडालेत.

आता "ऑडिट झालेलं आहे" या वाक्याकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. आपल्या डोक्यात ऑडिट म्हणजे सीएने सही केली. पण न्यासांसाठी १९५१ च्या नियमांमधे, नियम १९, ऑडिटरला उत्तरं द्यायला एक प्रश्नांची यादीच आहे. अगदी शाळेच्या पेपरसारखी. हिशोब नियमित ठेवलेत का? तपासणीच्या दिवशी रोख शिल्लक आणि व्हाउचर्स ताब्यात होती का आणि हिशोबाशी जुळली का? न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्देशाबाहेर खर्च झाला का? वर्षापेक्षा जास्त काळ थकलेल्या रकमा किती, माफ केलेल्या किती? पाच हजारांवरच्या दुरुस्ती किंवा बांधकामाला टेंडर मागवलं होतं का? कोणी विश्वस्त न्यासाचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? मागच्या वर्षी ऑडिटरने दाखवलेल्या चुका दुरुस्त केल्या का?

म्हणजे मला जे विचारायचं होतं त्यातलं निम्मं कायद्याने १९५१ मधेच विचारून ठेवलंय आणि त्याची उत्तरं दरवर्षी कागदावर येतात! फक्त आमच्या गुळगुळीत अहवालात तो कागद नसतो. ताळेबंद असतो, उत्पन्न-खर्च असतं, ऑडिटरची ती प्रश्नोत्तरं गायब. चाळीस पानं शालींना आणि या दीड पानाला जागा नाही.

तो कागद मिळवायचा कसा, तर सोपं आहे. सभासद हा कायद्याच्या व्याख्येत 'हितसंबंध असलेली व्यक्ती' आहे, सोसायटी असेल तर कुठलाही सभासद, असं स्पष्ट लिहिलंय. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या हिशोबाच्या नकलेसाठी अर्ज केला. खिडकीवरच्या बाईंनी एफ नंबर विचारला, परिशिष्ट एकचा उतारा पण हवाय का म्हणाल्या, मी म्हटलं तो काय असतो, तर तो म्हणजे संस्थेचा सातबारा समजा, विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, सगळं त्यावर. घेतला. त्यावर कोषाध्यक्ष म्हणून जे नाव आहे ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारलेत. निवडणुकीवर दुसऱ्या पॅनेलची हरकत, म्हणून बदल अर्जाचा निकाल नाही, म्हणून कागदावर ते अजून हिशोब बघतायत.

बरं, त्या दीड पानात काय होतं? बहुतेक उत्तरं चांगली होती, ते सांगायला पाहिजे. रोख जुळलेली, कोणी विश्वस्त देणेकरी-घेणेकरी नाही. टेंडर मागवलं का, उत्तर: लागू नाही. त्या वर्षी हॉलचं वॉटरप्रूफिंग झालं होतं, आम्ही सगळ्यांनी महिनाभर ताडपत्री बघितली होती. लागू नाही म्हणजे? दुरुस्ती नाही झाली की पाच हजारांत झाली?

आता अनुदानाचा भाग. संस्थेने सांगितलं आम्ही माहिती अधिकारात येत नाही. हे वाक्य सगळ्याच संस्था इतक्या आत्मविश्वासाने म्हणतात की समोरचा गपच होतो. कायदा असा आहे की सरकारकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष 'लक्षणीय' वित्तपुरवठा होत असेल तर खासगी संस्थाही कक्षेत येते. लक्षणीय म्हणजे किती? सुप्रीम कोर्टाने २०१३ मधे केरळच्या सहकारी बँकांच्या प्रकरणात हात आखडता घेतला होता, नुसती सवलत-अनुदान मिळालं म्हणून संस्था सार्वजनिक होत नाही, त्या पैशाशिवाय ती उभीच राहू शकली नसती असं काही पाहिजे. मग २०१९ मधे डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात म्हटलं की लक्षणीय म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वरच असं काही नाही, आणि शहरात फुकट किंवा सवलतीत दिलेली जमीन हाही वित्तपुरवठा असू शकतो. आता गावोगावच्या या संस्था कुणाच्या जागेवर उभ्या आहेत ते आठवून बघा. पण यावर भांडत बसायचं तर अपिलं, आयोग, वर्षं. मला एवढा दम नव्हता.

म्हणून मी मागच्या दाराने गेले, आणि हीच या रिव्ह्यूतली सगळ्यात कामाची टीप आहे. संस्था माहिती अधिकारात येवो न येवो, पैसे देणारं ऑफिस येतंच येतं. अनुदान घेतलं की संस्थेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, पैसे कशावर खर्च केले त्याचं, खर्चाच्या तपशिलासकट. ते त्या ऑफिसच्या फाइलला लागतं. म्हणजे संस्थेने मला दिलं नाही तरी सरकारला दिलंय. मी अनुदान देणाऱ्या कार्यालयाला अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. माझा पहिला ड्राफ्ट तीनशे शब्दांचा होता, त्यात संस्थेचा इतिहास, माझी तळमळ सगळं, तो ओळखीच्या एकाने वाचून फाडला आणि सांगितलं की महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, तळमळ वेगळी लिही. मग दोन ओळी लिहिल्या: अमुक संस्थेला तमुक वर्षी महोत्सवासाठी दिलेल्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र व सोबतचं खर्चाचं विवरण, प्रत द्यावी. सव्वीस दिवसांनी पत्र आलं, चौदा पानं, दोन रुपये पानाप्रमाणे अठ्ठावीस भरा. भरले.

दोन वर्षं, तीन पत्रं, एक टाळ्यांचा कडकडाट, आणि उत्तर मिळालं अडतीस रुपयांत.

काय होतं त्यात? घोटाळा नव्हता. मला माहितीये वाचणाऱ्यांना घोटाळा पाहिजे असतो. ध्वनी-प्रकाश, मंडप, प्रवास, भोजन, सगळ्याची बिलं. पण एक ओळ होती, स्मरणिका छपाई, १,८०,०००. आणि तिच्या खाली स्थानिक कलाकार मानधन, बारा कलाकार, प्रत्येकी ३,५००, म्हणजे ४२,०००. मी ती दोन आकड्यांची जोडी बराच वेळ बघत बसले. त्या बारांमधली एक माझ्या ओळखीची आहे, संबळ वाजवणाऱ्यांच्या घरातली, ती दोन साथीदार घेऊन आली होती आणि तिघांचं मिळून ते साडेतीन. आणि स्मरणिका? सभासदांना मिळालीच नाही. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत गठ्ठे आहेत, सुतळी न सोडलेले, ताईंनी दाखवले. म्हणाल्या, "दाखल करू का विचारलं, तर म्हणाले नको, मोजावे लागतील." सुरुवातीचं ते वाक्य आठवा, नोंदवहीत चढलं की तपासणीत कपाटाशी जुळवावं लागतं.

हे चोरीचं प्रकरण नाही, अकलेचं आहे, आणि अकलेचं ऑडिट सीए करत नाही, ते सर्वसाधारण सभेने करायचं असतं. सभेला फोड दाखवली असती तर सदतीसपैकी दहा तरी म्हणाले असते की अहो, जाहिराती छापायच्या पुस्तकाला पावणेदोन लाख आणि वाजवणाऱ्याला साडेतीन हजार? कदाचित कार्यवाहांकडे उत्तरही असेल, की जाहिरातींचे पैसे आले म्हणून स्मरणिका निघाली. असेल. पण मग जाहिरातींची जमा कुठे दिसते? 'इतर उत्पन्न'मधे, एकच ओळ.

कॅगचं, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचं, ऑडिट नाही का होत असं माझ्या भावाने विचारलं. नाही, कॅगच्या कायद्यात साधारण असं आहे की वर्षाला किमान पंचवीस लाख अनुदान आणि ते संस्थेच्या खर्चाच्या पंचाहत्तर टक्के तरी, किंवा मग किमान एक कोटी असेल तर राज्यपालांची आधी मंजुरी घेऊन. पाच लाखवाले आपण त्यांच्या चाळणीतून सहज खाली पडतो. मोठ्यांकडे ऑडिट होतं म्हणून सगळं छान असतं असंही नाही. दिल्लीची ललित कला अकादमी बघा, १९५४ ची संस्था, तीही त्याच १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली, २०१५ मधे गैरव्यवहाराच्या तक्रारींनंतर केंद्र सरकारने कारभार सरळ ताब्यात घेतला. मला ती भीती जास्त वाटते. आपण घरातल्या घरात हिशोब मागत नाही, आणि मग एक दिवस प्रशासक येतो, त्याला ना कविता कळत ना संबळ, आणि आपण म्हणतो स्वायत्तता गेली.

इंग्लंडचं एक बघितलं, सहज. तिथे चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर संस्थेचं नाव टाकलं की विश्वस्तांची नावं दिसतात आणि पंचवीस हजार पौंडांच्या वर उत्पन्न असेल तर अख्खे हिशोब पीडीएफमधे, फुकट, अर्ज नाही स्टॅम्प नाही. हेवा वाटला. मग ब्रिटिश म्युझियम शोधलं तर ते त्या रजिस्टरवर नाहीच! ते 'एक्झेम्प्ट', म्हणजे सूट दिलेल्या प्रकारात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम सरकारी खात्याकडे, हिशोब तिकडे संसदेपुढे ठेवले जातात. म्हणजे मोठ्यांचा दरवाजा तिथेही वेगळा. जरा बरं वाटलं खोटं कशाला बोलू.

हे सगळं कागद घेऊन मी यंदा कार्यवाहांना भेटले. भांडायला नाही. मागण्या तीनच होत्या: अहवालात ऑडिटरची प्रश्नोत्तरं छापा, एकेका अनुदानाची फोड एका पानावर द्या, आणि अहवाल सभेच्या आधी आठवडाभर व्हॉट्सअॅपवर टाका म्हणजे वाचून येता येईल. ते पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "अहो, हे आम्हीच सरकारला पाठवलेलं आहे. तुम्हाला मिळालं कसं?" मी सांगितलं. ते हसले, मनापासून हसले, आणि म्हणाले, "मग मला आधीच विचारायचं ना." मी काही बोलले नाही. तीन पत्रांच्या पोच माझ्या पर्समधेच होत्या.

पण एक सांगायला हवं, हा माणूस फुकट काम करतो. रोज संध्याकाळी पाच ते आठ, पगार नाही, स्वतःच्या स्कूटरचं पेट्रोल, कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मोजतो, पाहुण्यांना स्टेशनवर आणायला जातो. हिशोब विचारला की त्याला वाटतं माझ्या प्रामाणिकपणावर संशय घेतायत. हे मला सहा वर्षांनी कळलं आणि तेव्हापासून मी वाक्य बदललंय, "किती खर्च झाला" ऐवजी "पुढच्या वर्षी मानधन वाढवायचं तर कुठून काढता येईल, बघूया का" असं विचारते. फरक पडतो. यंदा कोषाध्यक्षांचा, म्हणजे हयात असलेल्या, फोन आला की बुधवारी पाचनंतर या, फायली बघा, फक्त फोटो काढायचे नाहीत.

गेले. टेबलावर चहा आणि तीन फायली, महोत्सव, सभागृह, देणग्या. महोत्सवाची बघून झाली, आणि त्यात पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचा पेन्सिलने केलेला कच्चा कागद होता, स्मरणिका ८०,००० आणि स्थानिक मानधनाच्या पुढे आधीचा आकडा खोडून रबराचा डाग. नवीन आकडा अजून लिहिलेला नव्हता. सात वाजता लाइट गेले, बाकीच्या दोन फायली पुढच्या बुधवारी.

तर सध्या: ग्रंथालय पाच, सभागृह साडेतीन, सर्वसाधारण सभा एक (वड्यांना वेगळे चार), हिशोबाची पारदर्शकता दोन, अर्ध्याने वाढवलेत परवाच. एकूण तीन. सभासदत्व घ्या, पाच हजार वाया जात नाहीत, पण सभेला अकराला या आणि पुढच्या रांगेत बसा. साड्यांची फाइल बघितली की रिव्ह्यू अपडेट करते.